पाऊल सरळ झाले, पण चाल सुधारली का? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पक्षाघातानंतर आत वळलेल्या आणि टाच न टेकणाऱ्या पावलावर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या अंकात घेतली आहेत. पत्रे वेगवेगळ्या घरांतून आली असली, तरी बहुतेकांचा प्रश्न एकच आहे : शस्त्रक्रियेचा चालण्यावर झालेला परिणाम नेमका कशावरून ओळखायचा?

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६३ वर्षे आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. हळूहळू ते चालू लागले, पण डावी टाच जमिनीला टेकेना आणि पाऊल आत वळून सगळा भार त्याच्या बाहेरच्या कडेवर येऊ लागला. सहा महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया करून टाचेमागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर) लांब करण्यात आली आणि नडगीवरच्या स्नायूची अर्धी कंडरा पावलाच्या बाहेरच्या बाजूला बसवण्यात आली. आता पाऊल सपाट पडते. शस्त्रक्रियेपूर्वी ब्रेस (घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा आधार) घालून दहा मीटर चालायला त्यांना २५ सेकंद लागत. आता ब्रेसशिवाय २३ सेकंद लागतात. सर्जनच्या मते शस्त्रक्रिया यशस्वी झाली आहे. घरातल्यांना मात्र वाटते की एवढा त्रास सोसून दोनच सेकंद वाचले. आम्ही काय समजावे?

उत्तर : आधी आकड्यांकडे पाहू. दहा मीटरला २५ सेकंद म्हणजे सेकंदाला ०.४० मीटर वेग, आणि २३ सेकंद म्हणजे साधारण ०.४३ मीटर. फरक ०.०३ मीटरचा. वृद्ध आणि पक्षाघात झालेल्या व्यक्तींवरील अभ्यासांवरून असे मानले जाते की वेगात सेकंदाला सुमारे ०.०५ मीटरची वाढ झाली तर ती लहानशी का होईना पण अर्थपूर्ण असते आणि ०.१० मीटरची वाढ ठळक म्हणावी. शिवाय कोणत्याही माणसाची हीच चाचणी आठवड्याच्या अंतराने पुन्हा घेतली, तर त्याच्यात काहीही बदल झालेला नसताना वेळ थोडी मागेपुढे होतेच. पक्षाघाताला बराच काळ लोटलेल्या रुग्णांवरील २००५ सालच्या एका अभ्यासात, चालण्याच्या निरनिराळ्या चाचण्यांमध्ये साधारण १३ ते २३ टक्क्यांपेक्षा जास्त बदल झाला तरच तो एका व्यक्तीच्या बाबतीत खरा बदल मानता येईल, असे दिसून आले. आपल्या वडिलांचा बदल ८ टक्क्यांचा आहे. तेव्हा केवळ घड्याळ पाहून निकाल द्यायचा असेल, तर घरातल्यांचे म्हणणे बरोबर आहे.

परंतु आपल्या पत्रातील दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवण्यासारखे नाहीत. पहिल्या वेळी पाऊल ब्रेसने धरून ठेवलेले होते, दुसऱ्या वेळी ते स्वतःच्या बळावर पडत होते. ब्रेस काढून तेच दहा मीटर शस्त्रक्रियेपूर्वी चालायला किती वेळ लागत होता, किंवा मुळात ते ब्रेसशिवाय चालू तरी शकत होते का, हा खरा प्रश्न आहे. ब्रेसशिवाय ३५ किंवा ४० सेकंद लागत असतील, तर आजचे २३ सेकंद ही मोठी कमाई आहे. ब्रेसशिवाय पहिल्या दोन पावलांतच घोटा मुरगळत असेल, तर ती त्याहून मोठी कमाई आहे आणि ती सेकंदांत सांगताही येणार नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच्या कागदपत्रांत अशी नोंद आहे का, ते सर्जनना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारावे. नोंद नसेल, तर घरातल्या मोबाइलमध्ये त्या काळातला एखादा व्हिडिओ सापडतो का तेही पाहावे.

दुसरी गोष्ट म्हणजे चालण्याचा वेग एकट्या पावलावर ठरत नाही. पक्षाघातानंतर नितंबाच्या आणि मांडीच्या स्नायूंची ताकद, गुडघा वेळेवर वाकणे, तोल, पाऊल कुठे पडले आहे याची जाणीव आणि हृदयाची दमछाक सोसण्याची क्षमता यांपैकी प्रत्येक गोष्ट वेगाला लगाम घालत असते. पावलावरच्या शस्त्रक्रियेने यांतील एकही गोष्ट थेट बदलत नाही. उलट पाऊल पुढे टाकताना शरीराला रेटा देण्याचे काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात, आणि टाचेमागची कंडरा लांब केली की त्या स्नायूंचा जोर काही अंशी कमी होतो. म्हणजे शस्त्रक्रियेने एका हाताने स्थैर्य दिले जाते आणि दुसऱ्या हाताने थोडा रेटा काढून घेतला जातो. अशा स्थितीत वेग फार वाढला नाही, यात नवल नाही; तो कमी झाला नाही, हेदेखील लक्षात घेण्याजोगे आहे.

या विषयावरील प्रकाशित अभ्यास बहुतेक छोटे आहेत आणि शस्त्रक्रिया न केलेल्या रुग्णांशी तुलना त्यांतल्या फार थोड्यांत केलेली आढळते. त्यांतून जे निष्कर्ष सातत्याने पुढे येतात ते असे की पाऊल जमिनीवर अधिक चांगले टेकते, आणि बऱ्याच रुग्णांची ब्रेस सुटते किंवा आधीपेक्षा हलकी ब्रेस पुरते. वेगाच्या बाबतीत निष्कर्ष मिश्र आहेत. आपल्या सर्जनच्या मनात ‘यशस्वी’ म्हणताना बहुधा पहिली गोष्ट आहे आणि घरातल्यांच्या मनात दुसरी. दोघेही आपापल्या जागी खोटे बोलत नाहीत.

आता काय करावे? दहा मीटरची चाचणी पुन्हा नीट करून घ्यावी. अनवाणी एकदा, नेहमीच्या बुटांत एकदा, आणि वडिलांची तयारी असेल तर जुनी ब्रेस घालूनही एकदा. प्रत्येक वेळी काठी तीच, आणि एकदा नेहमीच्या चालीने तर एकदा सुरक्षितपणे जमेल तितक्या वेगाने. शस्त्रक्रियेपूर्वीचा जो आकडा ज्या परिस्थितीतला असेल, त्याची तुलना त्याच परिस्थितीतल्या नव्या आकड्याशीच करावी. त्याबरोबर सहा मिनिटांत किती अंतर चालता येते, तेही मोजून घ्यावे. दहा मीटर माणूस ईर्ष्येने चालून जातो. सहा मिनिटांत मात्र थकवा, पावलाचे दुखणे आणि आत वळण्याची जुनी खोड, सगळे बाहेर येते.

वेगाबद्दल आणखी एक खुलासा करतो, कारण आपल्याला कुणी तरी हे सांगेलच. चालीच्या अभ्यासक जॅकलिन पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९५ सालच्या अभ्यासानंतर असे वर्गीकरण रूढ झाले आहे की सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी वेगाने चालणारा रुग्ण बहुधा घरापुरताच फिरतो, ०.४ ते ०.८ च्या दरम्यानचा बाहेर मर्यादित प्रमाणात फिरतो आणि ०.८ च्या पुढचा बाहेर बराचसा मोकळेपणाने वावरतो. आपले वडील ०.४० वरून ०.४३ वर गेले म्हणजे त्यांनी एक रेषा ओलांडली, असा अर्थ कृपया काढू नये. ही रेषा अनेक रुग्णांची सरासरी सांगण्यासाठी आखलेली आहे; एका माणसाच्या दारासमोर ती नसते. ते बाहेर पडू लागले आहेत का, किती अंतरापर्यंत, आणि सोबत कुणी लागते का, हे आपण घरच्या घरी पाहू शकता आणि ते अधिक विश्वासार्ह आहे.

शेवटचे म्हणजे सहा महिने हा अंतिम मुक्काम नव्हे. प्लास्टर निघाल्यानंतर स्नायूंची ताकद आणि चालण्याची नवी लय येण्यास वेळ लागतो. एक वर्षानंतरचे मोजमाप मी अधिक महत्त्वाचे मानतो.

प्रश्न : माझ्या यजमानांना पक्षाघात होऊन दीड वर्ष झाले आहे. उजवे पाऊल आत वळते आणि बोटे खाली मुडपतात, त्यामुळे बोटांच्या टोकांना घट्टे पडले आहेत. ताठर स्नायू तात्पुरते सैल करणारी बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने दोनदा दिली. प्रत्येक वेळी अडीच-तीन महिने बरे वाटले आणि नंतर स्थिती पूर्ववत झाली. आता शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला आहे. नंतर पश्चात्ताप होऊ नये म्हणून आधी कोणत्या तपासण्या आणि नोंदी करून घ्याव्यात?

उत्तर : हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वी विचारला, हे फार चांगले केलेत. नंतरच्या सगळ्या मोजमापांचे मोल आधीच्या नोंदींवर अवलंबून असते, आणि प्रत्यक्षात याच नोंदी सर्वाधिक वेळा राहून जातात.

सर्वांत आधी यजमानांना, आपल्याला आणि सर्जनना एकाच वाक्यात सांगता आले पाहिजे की ही शस्त्रक्रिया कशासाठी करायची आहे. ‘चांगले चालण्यासाठी’ हे उत्तर पुरेसे नाही. ‘घरात अनवाणी, कुणाचा हात न धरता न्हाणीघरापर्यंत जाता यावे’, ‘साधा बूट घालता यावा’, ‘बोटांचे घट्टे आणि दुखणे थांबावे’, ‘ब्रेस न घालता जिना उतरता यावा’ ही उत्तरे उपयोगाची आहेत, कारण वर्षभराने त्यांच्याविषयी हो किंवा नाही असे सांगता येते. ही उद्दिष्टे लिहून ठेवण्याची एक पद्धत १९६८ पासून वापरात आहे. अपेक्षित परिणामाला शून्य, त्याहून बरा परिणाम अधिक एक, पुष्कळच बरा अधिक दोन, अपेक्षेपेक्षा कमी उणे एक आणि फारच कमी उणे दोन, असे गुण आधीच ठरवून ठेवायचे आणि नंतर त्यानुसार पाहायचे. पद्धत साधी आहे, पण तिच्यामुळे शस्त्रक्रियेनंतर उद्दिष्ट गुपचूप बदलण्याचा मोह टळतो. हा मोह डॉक्टरांना होतो, रुग्णांना होतो आणि नातेवाइकांनाही होतो.

मग पावलाच्या वाकडेपणाचे कारण. त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : मेंदूकडून येणाऱ्या चुकीच्या संदेशांमुळे स्नायूंत येणारा ताठरपणा, आणि दीर्घकाळ आखूड राहिल्यामुळे स्नायू व कंडरा खरोखरच आखडून जाणे. वरून दोन्ही सारखेच दिसतात. गुडघा सरळ ठेवून आणि मग वाकवून घोटा किती वर उचलला जातो, हे तपासल्यावर पोटरीचा वरचा स्नायूच आखडला आहे की त्याखालचाही, याचा अंदाज येतो. कारण वरचा स्नायू गुडघ्याच्याही वर सुरू होतो आणि गुडघा वाकवला की सैल पडतो. त्यापुढची तपासणी म्हणजे पोटरीला जाणाऱ्या चेतातंतूंभोवती थोड्या वेळासाठी बधिरता आणणारे इंजेक्शन देणे. काही तास ताठरपणा नाहीसा होतो. त्यानंतरही घोटा वर येत नसेल, तर उरलेला दोष आखडलेपणाचा. या काही तासांत रुग्णाला आधार देऊन चालवून पाहता येते, आणि त्यातून शस्त्रक्रियेनंतरच्या चालीची थोडी पूर्वकल्पना मिळते. पुढे करायची शस्त्रक्रिया कंडरेवर असावी की चेतातंतूच्या स्नायूंकडे जाणाऱ्या फांद्यांवर, हे ठरवायलाही या तपासणीचा उपयोग होतो. टॉक्सिनच्या इंजेक्शनांनी जे दोन-तीन महिने बरे गेले, त्या काळात यजमान नेमके कसे चालत होते, हे आपल्याला आठवत असेल तर सर्जनना अवश्य सांगावे; तो एक प्रकारे आधीच झालेला प्रयोग आहे.

सोय असेल तर चालीचे यांत्रिक विश्लेषण करून घ्यावे. त्यात सांध्यांवर खुणा लावून कॅमेऱ्यांनी हालचाल टिपतात, जमिनीतल्या पट्ट्यांवर पडणारा भार मोजतात आणि स्नायूंची विद्युत नोंद घेतात. पाऊल आत वळवण्यात नडगीवरच्या स्नायूचा वाटा किती आणि पोटरीतल्या खोल स्नायूचा किती, हे डोळ्यांनी ठरवणे कठीण असते. कोणता स्नायू चालीच्या कोणत्या टप्प्यात अवेळी काम करतो आहे, ते या नोंदीत दिसते. अशी प्रयोगशाळा सर्वत्र नसते. ती नसल्यामुळे शस्त्रक्रियाच अडवून ठेवावी असे माझे मत नाही, पण समोरून आणि बाजूने घेतलेला चांगला व्हिडिओ तरी हवाच.

त्यानंतर प्रत्यक्ष चालण्याच्या नोंदी. दहा मीटरची चाचणी, सहा मिनिटांची चाचणी, आणि खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन, वळून, परत येऊन बसण्याची चाचणी, या तिन्ही पुरतात. दहा मीटरसाठी आधी आणि नंतर प्रत्येकी दोन मीटर मोकळी जागा असावी, म्हणजे वेग घेण्याचा आणि थांबण्याचा वेळ मोजला जात नाही. सहा मिनिटांची चाचणी शक्यतो ३० मीटर लांबीच्या सरळ वाटेवर घ्यावी; वाट आखूड असेल तर वळणे वाढतात आणि अंतर कमी भरते, म्हणून नंतरही तितक्याच लांबीची वाट वापरावी. रुग्णाला मध्येच थांबून विसावा घेता येतो, पण घड्याळ थांबवायचे नसते. सोबत चालणाऱ्याने पुढे राहून वेग ठरवू नये. मागे अर्धे पाऊल राहावे. अनवाणी, बुटांत आणि ब्रेससह अशा तिन्ही स्थितींतल्या नोंदी घ्याव्यात. काठीचा प्रकार, कुणाचा हात धरला होता का आणि चाचणी किती वाजता घेतली, हेही लिहावे. ताठरपणा कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची वेळसुद्धा.

आणखी एक गोष्ट आपण घरीच करू शकता. शस्त्रक्रियेआधी महिनाभर एका वहीत यजमान किती वेळा पडले, किती वेळा पडता पडता सावरले आणि कशामुळे, ते त्याच दिवशी लिहून ठेवावे. नंतर आठवून सांगितलेले पडणे बहुतेकदा प्रत्यक्षापेक्षा कमी असते. शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने पुन्हा महिनाभर अशीच नोंद ठेवावी.

प्रश्न : मी फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी आहे. आमच्या विभागात पावलावर शस्त्रक्रिया झालेल्या एका रुग्णाचा ताठरपणा सुधारित अॅशवर्थ श्रेणीवर तीनवरून एकवर आला, घोटा पूर्ण वर उचलला जाऊ लागला, पण सहा मिनिटांतले अंतर जवळपास तेवढेच राहिले. मार्गदर्शक म्हणतात, परिणाम उत्तम. रुग्ण म्हणतो, काही फरक नाही. प्रबंधात काय लिहावे?

उत्तर : दोन्ही लिहावे, आणि दोन्ही एकत्र का खरे आहेत तेही लिहावे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणानुसार शरीराची रचना व कार्य ही एक पातळी, व्यक्तीच्या हातून होणाऱ्या कृती ही दुसरी आणि जीवनातला सहभाग ही तिसरी. आपले पहिले दोन आकडे पहिल्या पातळीवरचे आहेत, तिसरा दुसऱ्या पातळीवरचा. रुग्ण बहुधा तिसऱ्या पातळीवरून बोलत आहे. एका पातळीवर सुधारणा झाली म्हणजे ती आपोआप पुढच्या पातळीवर झिरपते, असे गृहीत धरण्याला कोणताही आधार नाही.

अॅशवर्थ श्रेणीची स्वतःचीही मर्यादा आहे. १९८७ मध्ये सुधारलेली ही श्रेणी रुग्ण निवांत पडलेला असताना सांधा हलवताना जाणवणारा अडथळा मोजते. त्या अडथळ्यात चेतासंस्थेमुळे येणारा ताठरपणा किती आणि ऊतींचा आखडलेपणा किती, हे ती वेगळे करू शकत नाही. आणि कंडरा लांब केल्यावर तो अडथळा कमी होणार हे उघडच आहे. म्हणजे शस्त्रक्रियेने जे कापले तेच कमी झाल्याचे आपण मोजले. याला परिणाम म्हणण्यापेक्षा शस्त्रक्रिया नीट झाल्याची पावती म्हणावे, असे मला वाटते. उभे राहून भार पडल्यावर आणि चालताना ते स्नायू कसे वागतात, हा प्रश्न तसाच शिल्लक राहतो.

सहा मिनिटांतले अंतर का वाढले नाही, याची कारणे त्या रुग्णातच शोधावीत. पाऊल पुढे आणताना गुडघा ताठ राहतो का? तसे असेल तर पाय बाहेरून वळसा घालूनच पुढे येणार, पाऊल कितीही सरळ झाले तरी. नितंबाच्या बाजूच्या स्नायूंची ताकद किती? दम लागतो का? आणि मुख्य म्हणजे आधीची चाचणी ब्रेससह होती का? पहिल्या पत्राच्या उत्तरात जे लिहिले आहे ते इथेही तपासून पाहावे. अंतर तेवढेच असले तरी तेवढेच अंतर कमी आधाराने, कमी दुखण्याने किंवा सुरक्षितपणे पार पडले असण्याची शक्यता असते. शून्य ते पाच अशा सहा पायऱ्यांची चालण्यातील स्वावलंबनाची श्रेणी आपण वापरली नसेल, तर ती अवश्य घ्यावी. माणसाचा हात धरून चालणे आणि नुसती नजर ठेवून चालणे, यांतला फरक घड्याळाला कळत नाही, तो या श्रेणीत दिसतो.

प्रबंधासाठी एक इशारा द्यावासा वाटतो. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला काही महिने कसून व्यायाम दिला जातो. पक्षाघाताला वर्ष-दीड वर्ष उलटलेले असेल तर आपोआप होणाऱ्या सुधारणेचा वाटा थोडा असतो, हे खरे. परंतु व्यायामाचा वाटा वेगळा काढता येत नाही. शस्त्रक्रियेपूर्वीही तितकाच कसून व्यायाम काही आठवडे देऊन मग पहिली नोंद घेतली, तर ही अडचण पुष्कळ कमी होते. आपल्याकडे तसे झाले नसेल, तर प्रबंधात तसे स्पष्ट लिहावे. मार्गदर्शकांना ते आवडेल की नाही, हा वेगळा भाग.

प्रश्न : माझ्या सासूबाईंची टाचेमागची कंडरा आठ महिन्यांपूर्वी लांब केली. पहिले चार महिने चाल सुंदर होती. आता त्यांची बोटे बुटात मुडपतात आणि उभ्या असताना गुडघा एकदम पुढे वाकून पाय लटपटतो. हे शस्त्रक्रियेमुळे झाले असेल का?

उत्तर : होऊ शकते, आणि दोन्ही तक्रारींची कारणे वेगळी असण्याची शक्यता आहे. घोटा वर उचलला जाऊ लागला की बोटे खाली वळवणाऱ्या लांब कंडरांवर ताण येतो. त्या आधीच आखूड किंवा ताठर असतील तर बोटे मुडपतात. म्हणूनच अनेक सर्जन टाचेच्या शस्त्रक्रियेच्या वेळीच बोटांच्या कंडराही सोडवतात. तसे केले नसेल तर नंतर ते तुलनेने लहान शस्त्रक्रियेने करता येते.

गुडघा पुढे वाकण्याची तक्रार अधिक गांभीर्याने घ्यावी. उभे असताना पोटरीचे स्नायू नडगीला मागे धरून ठेवतात आणि त्यामुळे गुडघाही सरळ राहतो. कंडरा गरजेपेक्षा जास्त लांब झाली किंवा नंतर ताणली गेली, तर ती पकड सुटते. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद कमी असली तरीही असेच घडते, त्यामुळे कारण तपासूनच ठरवावे लागेल. तोपर्यंत त्यांना एकट्याने जिना उतरू देऊ नये आणि सर्जनना लवकर दाखवावे. घोट्याला पुढे झुकण्यापासून अडवणारी ब्रेस या अवस्थेत बऱ्याचदा उपयोगी पडते. ‘ब्रेस सुटली होती, पुन्हा आली’ म्हणून सासूबाईंना वाईट वाटेल; पण पडून नितंबाचे हाड मोडण्यापेक्षा ते बरे.

उलट प्रकारही घडतो. काही रुग्णांत शस्त्रक्रियेआधी टाच न टेकल्यामुळे गुडघा मागच्या बाजूला ढकलला जात असतो. अशांच्या बाबतीत शस्त्रक्रियेनंतर केवळ पावलाकडे न पाहता गुडघ्याचे मागे जाणे थांबले का, हेही नोंदवावे लागते, कारण त्या सवयीने पुढे गुडघाच दुखू लागतो.

प्रश्न : शस्त्रक्रियेनंतर भावाच्या चालण्यावर घरी लक्ष ठेवायचे आहे. मोबाइलमधले पावले मोजणारे अॅप आणि व्हिडिओ यांवर भरवसा ठेवावा का?

उत्तर : खिशातल्या मोबाइलवरच्या पावलांच्या आकड्यावर नको. ही साधने सामान्य वेगाच्या, दोन्ही बाजूंनी सारख्या पडणाऱ्या पावलांसाठी घडवलेली असतात. सावकाश आणि एका पायाने फरपटत चालणाऱ्या माणसाची बरीच पावले त्यांच्या नजरेतून निसटतात. शस्त्रक्रियेनंतर पाऊल अधिक स्पष्ट पडू लागले की तेच यंत्र अधिक पावले मोजू लागते आणि भाऊ प्रत्यक्षात जास्त चालत नसतानाही आलेख चढलेला दिसतो. घोट्यावर बांधायची साधने यापेक्षा बरी असतात. निरोगी पायाच्या घोट्यावर बांधावीत आणि आधी शंभर पावले स्वतः मोजून यंत्र किती दाखवते ते पाहून घ्यावे.

व्हिडिओ मात्र जरूर घ्यावा. मोबाइल उभा न धरता आडवा धरावा, कमरेच्या उंचीवर स्थिर ठेवावा आणि भावाबरोबर सरकवत नेऊ नये. एकदा बाजूने, एकदा समोरून, एकदा पाठीमागून. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली असावी. एकदा अनवाणी आणि एकदा बूट घालून. बाजूच्या चित्रीकरणात पाऊल प्रथम टेकते तेव्हा टाच आधी येते, पाऊल सपाट पडते की बोटे, हे पाहावे. समोरून घेतलेल्यात भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर येतो का ते. वळतानाचा भाग कापून टाकू नये, कारण वळताना तोल जाण्याची शक्यता अधिक असते आणि पाऊल आत वळण्याची खोड तिथे पुन्हा डोके वर काढू शकते. पहिल्या वर्षात तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, त्याच जागी आणि त्याच वेळी घेतलेले व्हिडिओ जपून ठेवावेत, आणि पुढच्या भेटीला जाताना सर्जनना शेवटचा एकटाच न दाखवता पहिला आणि शेवटचा पाठोपाठ दाखवावा.